नकाशावरच्या ठिपक्याचं वय

पौड मागे पडलं आणि गाडी मुळशीवरून ताम्हिणीच्या रस्त्याला लागली की मोबाईलची रेंज ये-जा करू लागते आणि पुढे एका वळणानंतर पार जाते. घरच्यांच्या फोनवरच्या नकाशात गाडीचा ठिपका मात्र शेवटचा जिथे उमटला तिथेच दिसत राहतो. गाडी तिथे थांबली आहे, पुढे गेली आहे की अडचणीत आहे, यातलं काहीच त्या ठिपक्यावरून कळत नाही. हौशी रेडिओवरून चालत्या गाडीची जागा कळवण्याचे आज बरेच प्रकार आहेत. पुण्यातला एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, गेली काही वर्षं त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो आहे: ठिपका कुठे आहे ते ठीक, पण तो कधीचा आहे?

पोटापाण्यासाठी हा माणूस वाहनांमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासतो. सुट्टीच्या दिवशी तीच हत्यारं घेऊन तो स्वतःच्या गाडीतल्या रेडिओमागे लागतो. या नादाला एक कारण आहे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, तेव्हा बाहेर खबर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या रस्त्यावर गाव असायचं तिथे गावच दिसेना, हे त्याच्या लक्षात आलं. ज्या भागात एवढ्या मोठ्या संकटाची बातमी चाकांवरून यावी लागते, त्या भागात मदतीला निघालेली गाडी कुठवर पोचली हे मागे बसलेल्यांना कळलं पाहिजे, हे तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं.

या क्षेत्रातला सगळ्यांत जुना आणि अजून सगळ्यांत जास्त वापरात असलेला प्रकार म्हणजे एपीआरएस. तो घडवला बॉब ब्रुनिंगा यांनी, कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर. अमेरिकेत मेरिलँडमधल्या अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत ते काम करत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नौदलाच्या जहाजांच्या जागा अ‍ॅपल-२ संगणकावर नकाशात मांडल्या. १९८४मध्ये व्हिक-२० या घरगुती संगणकावर शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत कोण कुठे आहे ते दाखवलं. एपीआरएस हे नाव १९९०च्या दशकात रुळलं. २०२२मध्ये ब्रुनिंगा गेले. हे साधन नुसतं गाड्यांचा माग काढण्यासाठी नाही, आसपास आत्ता काय चाललं आहे ते सगळ्यांना एकदम कळावं म्हणून आहे, हे ते शेवटपर्यंत हट्टाने सांगत राहिले. त्यांच्या त्या ‘आत्ता’वर पुण्यातल्या या हॅमचा फार जीव आहे.

तंत्र साधं आहे. जीपीएसकडून जागा घ्यायची, तिला कॉलसाइन जोडायचं आणि १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन स्वरांत सेकंदाला १२०० बिट या गतीने ते एफएम सेटवरून सोडायचं. कानाला ऐकू येतो तो छोटासा ‘चर्रर्र’. पॅकेटच्या शेवटी पडताळणीसाठी १६ बिट असतात. वाटेत एक बिट जरी बिघडला तरी ही पडताळणी चुकते आणि घेणारा सेट पॅकेट टाकून देतो. दुरुस्तीची सोय मूळ रचनेत नाही. चुकीची जागा दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण घाटात त्याची किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती, हे त्याला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ हॅममुळे कळलं. सगळे त्यांना काकाच म्हणतात. काका उंचावरच्या एका मोकळ्या जागी अँटेना उभी करून, हेडफोन लावून, समोर लॅपटॉप ठेवून बसत आणि हा गाडी घेऊन घाटात उतरे.

“अरे, आत्ताचा तुझा आवाज आला. स्क्रीनवर काही उमटलं नाही.”

“पूर्ण आला का काका? सुरुवातीपासून?”

“अगदी पूर्ण. मध्ये जरा फडफडला, बस.”

ती फडफडच पॅकेट खात होती. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते. डोंगराच्या कड्यांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि साधारण दर मीटरभर अंतरावर सिग्नल खाली बसतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १६-१७ मीटर कापते, म्हणजे सेकंदात तेवढे खड्डे. जागा, दिशा, वेग आणि वर तीसेक अक्षरांचा मजकूर असं पॅकेट जवळपास ८० बाइटचं होतं आणि हवेत अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त राहतं. तेवढ्या वेळात गाडी नऊ-दहा मीटर पुढे गेलेली असते. माणसाचा कान असे खड्डे सहज भरून काढतो, म्हणून काकांना आवाज ‘पूर्ण’ वाटत होता. १६ बिटांच्या पडताळणीला ते जमत नाही.

मग पॅकेटच लहान केलं तर? यावर ब्रुनिंगांनीच फार हुशारीची युक्ती करून ठेवली होती. तिचं नाव माइक-ई. प्रत्येक पॅकेटमध्ये ते कुणासाठी आहे याचा एक पत्ता असतो. एपीआरएस सगळ्यांसाठीच असल्यामुळे त्या पत्त्याला तसा काही अर्थ नसतो. माइक-ईमध्ये अक्षांश त्या रिकाम्या पत्त्यातच भरून पाठवतात, आणि रेखांश, वेग, दिशा, चिन्ह हे सगळं पुढच्या नऊ बाइटमध्ये मावतं. पॅकेट निम्म्यावर येतं: ४१ बाइट, पाव सेकंदाच्या जरा वर. त्याने मजकूर काढून टाकला, माइक-ई लावलं आणि त्याच रस्त्यावर, त्याच सेटवर, त्याच अँटेनावर काकांच्या लॅपटॉपवरचे ठिपके दाट होऊ लागले. अधिक ताकदीचा सेट घ्यायचा त्याचा विचार तिथेच मावळला. चालत्या गाडीसाठी वॉट वाढवण्याआधी अक्षरं कमी करावीत, असं तो आता नव्या हॅमना आवर्जून सांगतो.

बीकन, म्हणजे जागा सांगणारं पॅकेट, कधी सोडायचा हाही वादाचा विषय आहे. बहुतेक ट्रॅकरमध्ये ‘स्मार्ट बीकनिंग’ असतं: सरळ रस्त्यावर वेगाप्रमाणे ठरावीक वेळाने, आणि वळण आलं की लगेच. शहरात आणि महामार्गावर याने गाडीची वाट नकाशावर सुरेख उमटते. घाटात मात्र प्रत्येक वळसा हा ट्रॅकरच्या लेखी महत्त्वाचा प्रसंग असतो, त्यामुळे तो नेमका तिथे बोलतो जिथे एका बाजूला कडा छातीशी आलेला असतो. पुढे शंभर मीटरवर खिंड उघडते, समोर पठार दिसतं, आणि तिथे ट्रॅकर गप्प बसतो. म्हणून घाटासाठी त्याने वळणाचा नियम बंद करून ठरावीक वेळाचा बीकन ठेवला. वाट थोडी ओबडधोबड दिसते. तशीही एपीआरएसच्या साध्या नोंदीत जागा मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंतच लिहिलेली असते, म्हणजे अक्षांशात साडेअठरा मीटर. घाटातला एक वळसा बऱ्याचदा त्यातच बसून जातो.

मग आलं लोरा. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ कंपनीचं हे तंत्र २०१२मध्ये सेमटेकने विकत घेतलं. ते पाणी आणि वीज मीटरसारख्या यंत्रांसाठी वापरलं जाऊ लागलं आणि हॅम लोकांनी ते एपीआरएसला जोडलं. मुठीत मावणारा एक बोर्ड, त्यावरच जीपीएस, मागे एक रिचार्जेबल सेल, ताकद जेमतेम १०० मिलिवॉट. गाडीतला मोठा सेट ५० वॉट फेकतो, त्याच्या पाचशेव्या भागाइतकी ही ताकद. तरीही लोराचा सिग्नल गोंगाटाच्या खाली वीस डेसिबल गेला तरी वाचता येतो, कारण प्रत्येक चिन्ह ही खालून वर सरकत जाणारी शिट्टी असते आणि घेणारा तिचा आकार ओळखतो. नुसत्या कानाला तिथे काहीच ऐकू येणार नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहून घ्यावी लागते. युरोपात लोरा-एपीआरएस ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर चालतं आणि तिकडचं सॉफ्टवेअर बोर्डात भरलं की तीच फ्रिक्वेन्सी आयती येते. भारतात ७० सेंटिमीटरच्या पट्ट्यात हौशी रेडिओला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. म्हणजे युरोपची सेटिंग जशीच्या तशी ठेवली तर आपण आपल्या हद्दीबाहेर बोलत असतो. त्याने बोर्ड सुरू करण्याआधीच ती फ्रिक्वेन्सी बदलून पट्ट्याच्या आत आणली, आणि कुणाला बोर्ड लावून देताना तो सर्वांत आधी तेवढंच बघतो.

लोराने त्याला पहिल्यांदा ठिपके दिले ते दरीच्या तळातून, जिथून १२०० बॉडच्या पॅकेटचा साधा आवाजही काकांपर्यंत पोचत नव्हता. काका खूश झाले. पण गाडी एक होती तोवरच हे सुख होतं. सर्वांत लांब पल्ल्याच्या सेटिंगमध्ये, ज्याला एसएफ-१२ म्हणतात, एकेक चिन्ह ३३ मिलिसेकंद चालतं. साठेक बाइटचं पॅकेट हवेत अडीच सेकंदांहून जास्त राहतं. मिनिटाला अशी तेवीस पॅकेटं एकापाठोपाठ एक मावतील खरी, पण गाड्या एकमेकींना विचारून बोलत नाहीत. हवाई विद्यापीठाने १९७१मध्ये अलोहा नावाचं रेडिओ नेटवर्क सुरू केलं, तेव्हापासूनचा हिशोब असा की सगळे मनाला येईल तेव्हा बोलू लागले तर वाहिनीच्या जास्तीत जास्त अठरा टक्के वेळातच धडधाकट पॅकेट पोचतात. तेवीसचे अठरा टक्के म्हणजे चार. मिनिटाला एक बीकन सोडणाऱ्या चार गाड्या झाल्या की वाहिनी भरली. माइक-ईचं पॅकेट, सेट चालू होण्याचा वेळ धरूनही, सहा दशांश सेकंदाच्या आत संपतं. तिथे हाच आकडा एकोणीसच्या घरात जातो.

एपीआरएसचे सेट बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकतात, त्यामुळे हिशोब याहून बरा असायला हवा, असा मुद्दा निघतो. सपाट मुलखात तो बरोबर आहे. घाटात दोन गाड्यांमध्ये एक डोंगर असतो. दोघींनाही वाहिनी मोकळीच वाटते, दोघी एकदम बोलतात आणि वर बसलेल्या काकांना दोघींचा मिळून खरखराट ऐकू येतो.

जहाजांच्या जागा कळवणाऱ्या एआयएसने हे कोडं फार देखणं सोडवलं आहे, आणि त्याबद्दल बोलताना या हॅमचा आवाज बदलतो. एआयएसमध्ये प्रत्येक वाहिनीवर मिनिटाचे २,२५० कप्पे असतात. जीपीएसच्या घड्याळावर सगळी जहाजं एका तालात असतात आणि पुढे आपण कोणत्या कप्प्यात बोलणार ते आधीच सांगून ठेवतात. मुंबई बंदराबाहेरच्या गर्दीतही म्हणून ठिपके ताजे राहतात. एपीआरएसमध्येही घड्याळाच्या ठरलेल्या सेकंदाला बोलण्याची सोय बऱ्याच ट्रॅकरमध्ये आहे, पण ती फारसं कुणी वापरत नाही. त्याने गटातल्या गाड्यांना सेकंद वाटून दिले: एकीला मिनिटाचा पाचवा, दुसरीला पंधरावा, तिसरीला पंचविसावा. खर्च शून्य. डोंगर मध्ये असला तरी पॅकेटं एकमेकांवर आदळायची थांबली, आणि लोराही एसएफ-१२ सोडून थोड्या जलद सेटिंगवर आणल्यावर गटात वापरता येऊ लागलं.

डिजिटल आवाजाच्या सेटमधूनही जागा जाते. डी-स्टार ही जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने आणलेली पद्धत. तिच्यात आवाजाच्या शेजारीच सेकंदाला १२०० बिटांची एक बारीक वाट ठेवली आहे आणि बटण दाबून बोललं की जागा आपोआप पोचते. ही कल्पना त्याला मनापासून आवडते, कारण घाईत असलेला माणूस बोलतो तेव्हाच त्याची जागा हवी असते. डीएमआर आणि सी४एफएम सेटमध्येही तशी सोय आहे. अडचण एवढीच की यातली बरीचशी मजा जवळ रिपीटर असण्यावर आणि त्या रिपीटरला इंटरनेट असण्यावर उभी आहे. गाडीत ठेवलेला छोटा हॉटस्पॉट तर मोबाईलच्याच नेटवर चालतो. ज्या वळणावर फोन जातो त्याच वळणावर तोही जातो. पुणे-मुंबई रस्त्यावर हे प्रकार झकास चालतात. ताम्हिणीसाठी त्याने ते यादीतून काढले.

डोंगराला वळसा घालण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरून जायचं असेल तर एचएफ. ७ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ वर सोडली की दिवसा आयनावरणावर आपटून ती दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारखी खाली येते. मग दरीचा तळ काय आणि पठार काय, सारखंच. या लहरीची पाव लांबी दहा मीटर असते आणि गाडीवर अडीच मीटरची काठी कशीबशी बसते, त्यामुळे बरीचशी ताकद अँटेनाच्या कॉइलमध्ये गरम होण्यात जाते. शिवाय गाडीचा अल्टरनेटर, इंधन पंप आणि मोबाईलचा चार्जर मिळून रिसीव्हरमध्ये जो गोंगाट भरतात तो वेगळाच. चार्जर उपटला की निम्मा आवाज गेला, असं कित्येकदा होतं.

एचएफवर जुनं ३०० बॉडचं पॅकेट घाट ओलांडतं खरं, पण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी काही मिलिसेकंद मागेपुढे पोचतात आणि एक बिट तर तीनच मिलिसेकंदांचा असतो. शेजारचे बिट एकमेकांत मिसळून जातात. जर्मनीत हानाऊच्या एससीएस कंपनीने रोबस्ट पॅकेट काढलं ते यावर उपाय म्हणून. पाचशे हर्ट्झच्या आत आठ संथ वाहक शेजारी शेजारी, आणि सोबत चूक दुरुस्त करणारे बिट. शिडाच्या नौकांवरच्या हॅमना ते फार उपयोगी पडलं. चालत्या वाहनासाठी आजवर एचएफवर बनलेल्या गोष्टींत तो याला पहिला नंबर देतो. मात्र त्यासाठी मुख्यतः त्याच कंपनीचा मोडेम लागतो आणि ऐकणारी स्टेशनं युरोपात जास्त, आपल्याकडे विरळ.

ऐकणारे भरपूर हवेत तर जेएस८. एफटी८ या डिजिटल पद्धतीच्या पायावर २०१८मध्ये उभी राहिलेली ही पद्धत १५ सेकंदांच्या ठोक्यावर चालते, आणि इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही स्टेशनने गाडीचा संदेश पकडला तर तो एपीआरएसच्या नकाशावर जाऊन बसतो. जागा नकाशाचे चौकोन पाडणाऱ्या ग्रिडच्या अक्षरांत जाते, आठ अक्षरं दिली तर चौकोन साधारण अर्धा किलोमीटर उंच होतो. शोधायला निघालेल्या माणसाला एवढं पुरतं, आणि ठिपका मिनिटभराहून जुना नसतो.

डब्ल्यूएसपीआरचं मात्र वेगळं आहे. पदार्थविज्ञानाचे नोबेल विजेते ज्यो टेलर यांनी २००८मध्ये दिलेली ही पद्धत तो घरून रोज वापरतो आणि तिच्यावर त्याचं प्रेम आहे. कॉलसाइन, ग्रिड आणि ताकद मिळून ५० बिट, अवघ्या सहा हर्ट्झमध्ये, ११० सेकंद लावून पाठवायचे. दोनशे मिलिवॉट खंड ओलांडतात. पण तिचा नेहमीचा ग्रिड चार अक्षरांचा असतो, एक अंश उंच आणि दोन अंश रुंद. एमके६८ या एकाच चौकोनात पुणे, लोणावळा, अलिबाग आणि कुलाबा असे सगळे बसतात. पुण्याहून निघालेली गाडी बोरघाट उतरून अलिबागच्या समुद्रापर्यंत गेली तरी डब्ल्यूएसपीआरच्या लेखी जागची हललेली नसते. सौर पट्टीवर पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या छोट्या फुग्यांसाठी तीच पद्धत सर्वोत्तम ठरते, कारण महासागरावर असताना ऐकणारा हजारो किलोमीटर दूर असतो आणि दोन मिनिटांची घाई कुणालाच नसते.

दरीच्या तळाशी आणखी एक वाट उरते ती सरळ वर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट ऐकून परत खाली सोडतो. चारशे किलोमीटर उंचीवरून ते दहाएक मिनिटांत आकाश ओलांडतं, पण दोन्ही बाजूंनी कडे असतील तर वाट्याला येतात मधली तीन-चार मिनिटं. त्याने गाडी बाजूला घेऊन ते करून पाहिलं आहे, आणि आपलं पॅकेट वरून परत येताना ऐकलं त्या दिवशी त्याने काकांना रात्री फोन करून सगळं पुन्हा सांगितलं. तरी कामाच्या यादीत तो हे धरत नाही. स्थानक आपल्या वेळेला येतं, आपल्या अडचणीच्या वेळेला नाही.

सध्या त्याच्या गाडीत मुख्य सेटवर माइक-ई, मिनिटाचा एक ठरलेला सेकंद; डॅशबोर्डवर लोराचा बोर्ड; आणि डिकीत गुंडाळून ठेवलेली ७ मेगाहर्ट्झची तार, जी गाडी थांबल्यावर झाडाला बांधून जेएस८ करता येतं. काकांच्या लॅपटॉपवर तिन्हींचे ठिपके एकाच नकाशावर येतात. त्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला. ठिपका दोन मिनिटांपर्यंत हिरवा, दहापर्यंत पिवळा, त्यानंतर राखाडी, आणि शेजारी मिनिटांचा आकडा. कोणत्या मार्गाने आला ते एका अक्षराने कळतं. राखाडी झालेला ठिपका काकांनी पुसून टाकायला मनाई केली आहे, कारण शोध घ्यायची वेळ आली तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

मधल्या पठारावर सौर पॅनेलवर चालणारा एक डिजिपीटर बसला तर घाटाचा बराच भाग माइक-ईमध्येच झाकला जाईल. जागा दोघांनी पाहून ठेवली आहे आणि जमीनमालकाशी बोलणी चालू आहेत. पावसाळ्यात तिथे आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही. त्यामुळे बॅटरी केवढी लागेल याचा हिशोब काका वहीत तिसऱ्यांदा मांडत आहेत.